पिशवीची परीक्षा

समजा, तुम्ही न्हाणीघरात उकिडवे बसला आहात. पुढ्यात पाण्याने भरलेला टब आहे. तुमच्या ताईने एक भलीमोठी पिशवी दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरली आहे, आणि पिशवी आंघोळ नको असलेल्या मांजरासारखी वर उसळते आहे. पिशवीच्या पोटात टिपकागद आहे. तो कोरडा निघाला तर पिशवी पास. आणि पिशवी पास झाली, की ती सायकलच्या मागे अडकवून, तंबू बांधून, ताई एकटीच दूरच्या पावसाळी मुलखात निघणार. परत कधी, ते तिलाही ठाऊक नाही. कागद बाहेर काढायचं काम तुमचं आहे.

दिसलं ना सगळं? आता उठा, आणि तुमच्या जागी त्या धाकटीला बसू द्या.

"बस झालं," ताई म्हणाली. "काढ कागद. हात पुसलेस ना?"

"पुसले."

पुसले होते खरे. पण ताई पिशवीवरचं पाणी निपटत होती तेवढ्यात धाकटीने अंगठा हळूच टबात बुडवला. मग पिशवीच्या तोंडाची वळकटी उलगडली, आत हात घातला आणि कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. टिपकागदच तो. पाणी दिसलं की प्यायलाच.

"ओला," ती म्हणाली.

ताईने कागद खिडकीच्या उजेडात धरला. "हीसुद्धा गेली. नशीबच गळकं माझं."

याआधीच्या दोन पिशव्या अशाच परत गेल्या होत्या. पहिली शिवलेली होती. शिवण म्हटली की सुईची भोकं आली, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. म्हणून तिच्याबद्दल कोणाला संशय आला नाही. पण दुसरीच्या आणि या तिसरीच्या कडा शिवलेल्या नव्हत्या, तापवून एकजीव केलेल्या होत्या. कापड असं जाड, की दगडावर घासलं तरी ओरखडा उठू नये. तोंडाला तीन घट्ट घड्या घालायच्या, मग कडी लावायची. ताई सगळं नेमाने करत होती. तरी कागद ओलाच निघत होता.

पिशवी ठरत नव्हती, तोवर ताई घरी होती. आईची रुग्णालयात कामाची पाळी असे. बाबा मालमोटार घेऊन लांबच्या गावांना जात. शाळा सुटून आलं की दार उघडायची ती ताईच. ती गेली की घराची किल्ली धाकटीच्या गळ्यात येणार होती. एकदा ताई बाहेर गेलेली असताना धाकटीने तालीमही करून पाहिली. दाराबाहेर गेली, कुलूप लावलं, काढलं, आत आली आणि मोठ्याने म्हणाली, "मी आले." फ्रिज तेवढा घरघरला.

दुसऱ्या दिवशी दोघी पिशवी घेऊन सायकलच्या दुकानात गेल्या.

"पुन्हा?" दुकानदार काका म्हणाले. "काय पोरी, माझ्या पिशव्या तू धुवायला नेतेस की काय?"

"गळते, काका."

"आण इकडे."

काकांनी पिशवी नळाखाली धरून पाण्याने भरली. तोंड वळलं, कडी लावली आणि टायर टांगायच्या आकड्याला ती अडकवली. "आतलं पाणी बाहेर येत नसेल, तर बाहेरचं आत कुठून शिरेल? आता बघत बसा."

दोघी बघत बसल्या. पिशवी दुभत्या गाईच्या कासेसारखी तट्ट फुगली होती. तिच्यावरचं पाणी काकांनी फडक्याने पुसलं, त्यानंतर एक थेंब दिसला नाही. खालच्या फरशीवरची धूळ धूळच राहिली.

काकांनी एकदा धाकटीकडे पाहिलं. "पिशवी नाही गळत. तुमच्या घरातलंच कोणीतरी गळतंय." आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं चाक बघायला निघून गेले.

धाकटीचे कान तापले. आता ताई ते पिळणार, हे तिला ठाऊक होतं.

"अंगठा बुडवतेस ना?" ताई हळू आवाजात म्हणाली.

धाकटीने अंगठा मुठीत लपवला.

"दुसऱ्या पिशवीच्या वेळीच पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

ताई कडीशी चाळा करत राहिली. "मैत्रीण येणार होती ना बरोबर? तिला नोकरी लागली. मी आपली सगळ्यांना सांगून बसले, एकटी जाईन म्हणून. आता तंबूत एकटीने झोपायचं नुसतं मनात आलं तरी रात्री उठून दिवा लावते. तू 'ओला' म्हणालीस, की सुटल्यासारखं वाटायचं." मग तिने धाकटीकडे पाहिलं. "तूच सांग. चौथी बघू या?"

आपण ताईला अडवून धरलं आहे, असं धाकटीला इतके दिवस वाटत होतं. आता तर अडवायचीही गरज नव्हती. नुसती मान डोलावली असती, तरी पुरे होतं.

ती मान डोलावणारही होती. पण ताईचे डोळे पुन्हा पिशवीकडे वळले होते. शाळेबाहेरच्या मैदानातला खेळ कुंपणातून बघावा, तशी ती बघत होती.

धाकटी पुढे झाली. पिशवीच्या बुडाशी कडा जिथे जुळतात, तिथे तिने आपला तळहात टेकवला आणि हात भरून येईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग तो ताईच्या गालाला लावून म्हणाली, "कोरडा आहे, ताई."