स्वच्छ आवाज

दार उघडताच नासलेल्या दुधाचा आंबूस वास तिच्या नाकात शिरला. फ्रिज बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, भरदुपारी घराची भट्टी झालेली, आणि त्या भट्टीत नवरा बनियनवर कम्प्युटरसमोर बसलेला.

फ्रिज चालू असला की रेडिओत गुणगुण येते, असं त्याने मागे न वळताच सांगितलं. रेडिओही त्याने कम्प्युटरपासून लांब स्टुलावर नेला होता आणि रेडिओच्या इअरफोनच्या भोकातून थेट कम्प्युटरात वायर आणली होती. लोक रेडिओसमोर माइक धरून रेकॉर्डिंग करतात, अडाणी कुठले, असंही त्याने सुनावलं.

सकाळी ती रेडिओ केंद्रावर जाऊन थेट प्रसारणात अकरा मिनिटं बोलून आली होती. गेलेल्या मुलाबद्दल. नऊ वर्षं या घरात जो विषय निघाला नव्हता, तो तिने काचेच्या खोलीत एका अनोळखी बाईसमोर काढला. कारण नवऱ्यासमोर काढायला गेलं की तो पक्कड शोधायला उठायचा. निघताना तिने त्याला विनवलं होतं, आज बाकी काही करू नका, नुसतं ऐका.

"कसं वाटलं?" पर्स हातात तशीच धरून तिने विचारलं.

"सुरुवातीला आवाजाची लेव्हल जरा चढली होती. नंतर एकदम सोनं."

तिला त्याची किळस आली. नऊ वर्षांचं पोटातलं बाहेर काढलं आणि या माणसाला ऐकू काय आली, तर लेव्हल. गाढवापुढे वाचली गीता.

त्याने रेकॉर्डिंग लावलं. जिथे तिचा घसा दाटला होता, तिथे आता काहीच नव्हतं. जिथे ती बोलायची थांबली होती, ती जागाही गेली होती. पालेभाजी निवडावी तसं त्याने तिचं बोलणं निवडून ठेवलं होतं. दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईच्या आवाजात ती स्वतःच्या मुलाबद्दल बोलत होती, आणि तो अभिमानाने सांगत होता की अकराचं नऊ मिनिटांवर आणलंय. तिला शिसारी आली. उठून वायर उपटावी असं वाटलं.

पण एका वाक्यासाठी ती थांबली. त्याच वाक्यासाठी तर ती केंद्रावर गेली होती. सायकल आली, उतार आला. आता यायचं होतं: ब्रेक त्याचे बाबा दुरुस्त करणार होते, ते राहून गेलं, पण मी त्यांना कधीच दोष दिला नाही.

उतारानंतर थेट हॉस्पिटल आलं. कुठे कापून जोडलंय, ते तिलाही कळलं नाही.

"मधलं एक वाक्य कुठे गेलं?"

"तिथे फार खरखर होती."

"बरोब्बर तेवढ्याच वाक्यावर?"

त्याचा हात माउसवर होता आणि पडद्यावरचा बाण थरथरत होता. तिच्या ओठांवर आलेली शिवी तिथेच राहिली.

"पुन्हा लावू का?" पडद्याकडे बघतच त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "ऐकलंत तुम्ही."