घरटी एक

बस आज वरच्या थांब्यावरच भरली. एरवी ती डोंगरातून जवळजवळ रिकामी उतरते आणि तशीच वर चढते.

वस्तीप्रमुख इसोगाई पायरीशी उभा राहून एकेकाला आत चढवत होता. घरटी एक माणूस, असं त्यानेच दारोदार फिरून सांगितलं होतं. पालिका या बसला दरवर्षी पैसे देते. पुढच्या वर्षी द्यायचे की नाहीत, ते आजच्या मोजणीवर ठरणार होतं. मोजायला आलेले कुमागाया ड्रायव्हरशेजारच्या आसनावर बसले होते. माणूस चढला की त्यांचा अंगठा हले आणि हातातलं यंत्र टिक वाजे.

"दार या बाजूला असतं होय?" म्हातारा नेगोरो चढता चढता म्हणाला. "इतक्या वर्षांत आज कळलं. मी तर मुतखड्याच्या ऑपरेशनलासुद्धा लेकाच्या गाडीतून गेलो होतो."

"हळू बोला," हात्सुए कुजबुजली. "साहेब ऐकतायत."

"बोलू द्या त्यांना," कुमागाया मागे न बघता म्हणाले. "शेजारच्या खोऱ्यातही काल अशीच गर्दी होती."

त्यांचा आवाज थकलेला होता.

सगळी आसनं भरली. इसोगाई उरलेल्या शेवटच्या आसनावर टेकला आणि गुडघा चोळत राहिला. झालं एकदाचं.

पुलापलीकडच्या थांब्यावर फुमिए उभी होती. थांब्याला छप्पर नाही. तिच्या खांद्यांवर बर्फ साचलं होतं आणि हातात फडक्यात बांधलेला डबा होता. ती रोजच उभी असते. तिचा नवरा शहरातल्या वृद्धाश्रमात आहे. दुपारचं जेवण तो तिच्याच हातून घेतो, दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला तर ओठ मिटून घेतो.

दार उघडलं. फुमिएने पाय उचलला, आत पाहिलं आणि पाय पुन्हा खाली ठेवला.

"अगंबाई," ती म्हणाली. "आज भरली की हो!"

घरं मोजताना इसोगाईने तिचं घर सोडलं होतं. ती तर रोजच जाते, तिला वेगळं काय सांगायचं, म्हणून. तिची जागा धरायची मात्र राहून गेली होती.

"उभ्याने नेता येत नाही, फुमिए-सान," ड्रायव्हर समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. तिला असं कधी सांगावं लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"मी उतरतो," नेगोरो उठला.

"तुम्ही? आणि एवढा चढ चढून घरी जाणार कसे? बसा. मी उतरते."

"तुझी कंबर धड आहे का, हात्सुए?"

मग मागचे उठले, कडेचे उठले, गुडघ्यावर हात दाबून इसोगाईही उठला. हा तिला अडवी, ती त्याला. बर्फातून उलट वस्तीपर्यंत चढून जाणं कोणालाच झेपणारं नव्हतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं दुखणं नेमकं ठाऊक होतं. सगळेच उठले, म्हणून कोणीच उतरलं नाही.

"मी उतरू का?" कुमागायांनी विचारलं.

"तुम्ही?" इसोगाई घाबरला. "तुम्ही उतरलात तर मोजणार कोण?"

कुमागायांनी हातातल्या यंत्राकडे पाहिलं.

फुमिए खालून हात हलवत होती. "बसा हो सगळे, बसा! माझ्यासाठीच एवढा खटाटोप केलात, आणि मीच तुम्हाला बर्फात उतरवू? ही बस बंद झाली तर मी काय करणार आहे?" तिने डबा वर केला. "हा तेवढा त्यांना पोचवा. माशाचे काटे काढलेत. घाई करू नका, सावकाश घेतात ते."

इसोगाईने दोन्ही हातांनी डबा घेतला. दार मिटलं. फुमिए कंबरेत वाकली आणि बस वळणाआड जाईपर्यंत तशीच राहिली. आत कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

वृद्धाश्रम शेवटच्या थांब्याला लागूनच आहे. परतीची बस दुपारनंतरची होती, बाहेर बर्फ पडत होतं आणि शहरात कोणालाच काही काम नव्हतं. सगळेच इसोगाईच्या मागोमाग आत गेले. दाराशी बूट काढून, टोप्या हातात घेऊन, खोलीच्या भिंतीला लागून उभे राहिले.

फुमिएचा नवरा कियोझो खिडकीशी खुर्चीत बसला होता. इसोगाईने डबा उघडला. पेज अजून कोमट होती. त्याने चमचा पुढे केला. कियोझोने ओठ मिटले.

"फुमिए-सानने पाठवलीय."

"ती कुठाय?"

"थांब्यावर राहिली. बस भरलेली होती."

"आपली बस?"

"हो. जागाच नव्हती."

कियोझोची नजर इसोगाईवरून भिंतीकडे गेली आणि एकेका चेहऱ्यावर थांबत सरकत राहिली. नेगोरो. हात्सुए. देवळाखालचे दोघे भाऊ. वरच्या अंगाची माणसं. कोणतंही घर सुटलं नव्हतं. सगळे खाली बघत होते.

इसोगाईने चमचा पुन्हा पुढे केला. कियोझोने तो हळूच बाजूला सारला.

"मला खरं सांग, इसोगाई," तो म्हणाला. "केव्हा गेली ती? झोपेतच ना?"