हद्दीचा दगड

दगडाला शेंदूर फासलेला पाहून मोजणीदार शिवमूर्ती सायकलवरून उतरला. मागे पहार धरून बसलेला मजूर सटवाजीही उतरला. दोन वर्षांपूर्वी, नवा जिल्हा झाला तेव्हा, या दोघांनीच हा दगड हद्दीवर रोवला होता. आता नकाशा दुरुस्त झाला होता. हद्द दोन मैल मागे, नव्या जिल्ह्यातल्या जळकोटच्या अंगाला सरकली होती. इथला दगड उपटायचा होता.

दगडाभोवती वीसेक बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. त्या पलीकडच्या वाडीच्या, जुन्या जिल्ह्यातल्या. तिकडून पाणी येत नव्हतं. नव्या जिल्ह्याचा टँकर या दगडापर्यंत यायचा, उरलंसुरलं पाणी त्यांच्या घागरींत सोडून इथूनच वळायचा. चार दिवस झाले, तो आला नव्हता.

"सटवाजी, पहार लाव."

सटवाजीने पहार खाली ठेवली आणि चपला काढल्या.

"अरे, याचा खड्डा तूच खांदलास ना?"

"हाव साहेब. तवा ह्यो देव नव्हता."

सगळ्यांत म्हातारी केवळाबाई. ती सरकून दगडाला पाठ लावून बसली. "दगड मागं गेला तर टँकर बी तितूनच फिरंल. आनखी दोन मैल कोन चालंल? माजी सून परवा बाळंत झाली, साहेब. तिलाच प्यायला न्हाई, तर लेकराला दूध कुठून उतरंल?"

"मावशी, हा दगड आहे. खाणीवरून मीच आणला."

"मंग तुमच्या गळ्यात काय हाय?"

शिवमूर्तीचा हात सदऱ्यावरून गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. "ते वेगळं."

"आसंल. तुमचा गळ्यात हाय, आमचा उन्हात हाय. इतं बसलं की पानी येतं, येवढंच आमाला ठावं. आदी नुसतं बसत होतो. एक डाव टँकर आला न्हाई, तर या उमाबाईनं नारळ फोडला. दुसऱ्या दिशी आला."

"आणि या चार दिवसांत?"

"रोज फोडून राहिलो. आज नारळ बी संपले."

शिवमूर्ती खाली बसला. पिशवीतून कागद काढून मांडीवर घेतला आणि लिहिलं: सदर ठिकाणी ग्रामस्थांचे पुरातन देवस्थान असल्याने दगड हलविता आला नाही. 'पुरातन'पाशी पेन जरा अडलं. शब्द त्याने तसाच राहू दिला.

"देवाचं नाव काय लिहू?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नाव कोणी ठेवलंच नव्हतं.

"तुमीच ठिवा," केवळाबाई म्हणाली. "आनला तुमीच."

त्याने 'हद्दोबा' असं लिहून वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला. मागून एकजण ते नाव पुटपुटली. मग आणखी दोघी. मग सगळ्याच.

"साहेब, तुमी सरकारी मानूस," केवळाबाईने विचारलं. "आज येईल का टँकर?"

शिवमूर्तीला टँकरचं काहीच ठाऊक नव्हतं. जळकोटचा रस्ता लांबपर्यंत रिकामा दिसत होता.

"येईल."

"खरं?"

शपथ घेताना ठेवतात तसा त्याने दगडावर हात ठेवला. दगड उन्हाने चांगलाच तापला होता. त्याने हात काढला नाही.