पोचल्याचा फोन

सुनेनं पाठीवर सॅक टाकून एकटीनंच नेपाळला फिरायला जाणं तुळजाबाईंना पटलं नव्हतं. निघताना ऋतिका पाया पडली, तर त्या टीव्हीकडेच बघत राहिल्या.

दरड कोसळल्यामुळे बस वाटेतच अडकून पडली, फोनला रेंज नव्हती. ऋतिका पोखऱ्याला पोचली ती तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. समोर बर्फाचे डोंगर, खाली तळं, काठाला हॉटेलंच हॉटेलं. हॉस्टेलचं वायफाय मिळताच तिनं हडपसरला नवऱ्याला फोन लावला.

"सूरज, पोचले एकदाची."

"आई, पोचली गं ती!" तो घरात ओरडला. लगेच मागे झाडूचा आवाज सुरू झाला.

"दिवेलागणीला कोण झाडतंय? आईंना चालत नाही ना?"

"आईच झाडतीये. गेलेलं माणूस पोचल्याशिवाय घर झाडायचं नसतं म्हणे. तू गेल्यापासून झाडूला हात लावू दिला नाही तिनं."

तेवढ्यात मागून तुळजाबाईंचा आवाज आला.

"घरभर केर झालाय म्हणावं. पुढच्या खेपेला जरा जवळचा डोंगर बघ."