वेशीवरची हाक

"मी मध्ये काही बोलणार नाही. तुला सुचेल तसं खेळ," म्हणत ओजसने कंट्रोलर आईच्या हातात दिला आणि वही घेऊन तो मागे बसला. नवखं माणूस डेमो खेळत असताना गेम करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा त्याचा नियम होता. नोकरी सोडून तीन वर्षं तो या एका गेमला चिकटला होता आणि संध्याकाळी डेमो सगळ्यांसाठी खुला होणार होता.

आईने पडद्यावरच्या तलवारवाल्या पोराला धडपडत वेशीपर्यंत नेलं. मागून गेममधल्या त्याच्या आईने हाक मारली, "अरे, ऐक ना जरा." ओजसच्या आईने त्या पोराला लगेच माघारी वळवलं, ओसरीवर घटकाभर थांबवलं आणि पुन्हा वेशीकडे नेलं. पुन्हा हाक आली. पोरगा पुन्हा माघारी.

वेशीपलीकडे राक्षस होता. त्या एका लढाईवर ओजसचे आठ महिने गेले होते. वीस मिनिटं झाली तरी वही कोरीच होती. शेवटी त्याला राहवेना.

"अगं, ती हाक नुसती ऐकायला आहे. तू पुढे जा."

"निघताना मागून हाक आली की परत यावं, जरा टेकावं, मग निघावं."

तीन वर्षांपूर्वी या गेमपायी ओजस बॅग घेऊन घराच्या फाटकाबाहेर पडला, तेव्हा आईने याच शब्दांत हाक मारली होती. ती ऐकूनही त्याने हेडफोन कानाला लावले होते आणि तो चालत राहिला होता.

"ह्याला तरी ऐकू येतं," असं म्हणून आईने पोराला माघारी वळवलं.