चार स्वरांची शीळ

"आता कुणी बोलू नका," गाइडबाई कुजबुजली, आणि जीपमधले सहाही पर्यटक ताबडतोब बोलू लागले.

प्राध्यापकांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. जंगल पाहायला येणाऱ्या माणसाला जंगल सोडून बाकी सर्व पाहायचे असते, हा निष्कर्ष त्यांनी तीस वर्षांच्या निरीक्षणातून काढला होता. पुढच्या आसनावरचा गृहस्थ हातभर लेन्स लावून स्वतःच्या बुटांचा फोटो काढत होता. मागच्या बाईंना पक्षी नेमका किती वाजता येतो ते हवे होते.

"वेळापत्रक छापून द्या म्हणावं त्यांना," प्राध्यापक शेजारच्या मेहुण्याला म्हणाले.

"भाऊजी, हळू. ऐकू जाईल."

"जाऊ दे. कानांचा काहीतरी उपयोग होईल."

लेन्सवाला मागे वळला. "सर, पक्ष्यांना गाणं जन्मतःच येतं ना?"

"या जातीला नाही. पिल्लू आधी ऐकतं, मग घोकतं. आसपास जे कानावर पडेल ते. तुम्ही ज्ञान मिळवता, तसंच."

लेन्सवाल्याने मनापासून मान डोलावली. मेहुण्याने खिडकीबाहेर पाहिले.

वनखात्याने प्राध्यापकांना बोलावले होते ते एका सहीसाठी. राखी शिळकरी हा पक्षी या दरीतून नामशेष झाल्याचे त्यांनीच चोवीस वर्षांपूर्वी जाहीर केले होते. आता गाइडबाई म्हणत होती, तो आहे. असेल, तर दरीतून जाणारा रस्ता वळवावा लागणार होता. नसेल, तर सोमवारी झाडे पडणार होती. त्यांच्या बुंध्यांवर तांबडे पट्टे आधीच ओढलेले होते. खात्याचा अधिकारी कोरा अर्ज घेऊन मोटरसायकलवरून जीपच्या मागे येत होता.

प्राध्यापकांचा पुरावा त्यांच्या मते निर्दोष होता. लागोपाठ दोन वर्षे, विणीच्या हंगामात, रोज सकाळी त्यांनी दरीतल्या वाकड्या झाडाला टेपरेकॉर्डर टांगला होता आणि त्यावर या पक्ष्याची शीळ तासन् तास वाजवली होती. एकाही पक्ष्याने उत्तर दिले नाही. त्या मौनावर त्यांचा पहिला शोधनिबंध उभा होता, आणि त्या निबंधावर पुढची सगळी नोकरी.

"तो टेप माझे बाबा उचलायचे, सर," गाइडबाईने सकाळीच आठवण करून दिली होती. प्राध्यापकांना आठवत नव्हते. माणसांच्या नोंदी ते ठेवत नसत.

जीप थांबली. समोरच्या गच्च झुडपातून शीळ आली. चार स्वर, एकापेक्षा एक चढा. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी इअरफोन लावले, माइक झुडपाकडे धरला. शीळ पुन्हा आली. पहाटेपासून पहिल्यांदाच ते हसले.

"तुला काय ऐकू आलं?"

"चार स्वर," मेहुणा म्हणाला.

"आणि नंतर?"

मेहुण्याने तिसऱ्या शिळेपर्यंत वाट पाहिली. "टक?"

"टक. माझ्या टेपरेकॉर्डरचं बटण. ध्वनिमुद्रण थांबवताना मी ते दाबलं, त्याचा आवाज फितीवर आला. या पक्ष्याचं जगात एकच ध्वनिमुद्रण आहे, ते माझं. झुडपात पक्षी नाही बसलेला. स्पीकर बसलाय."

"पण भाऊजी, आणखी दोन-चार वेळा ऐकून, मोजून बघायला—"

"चोर हाती लागल्यावर त्याची उंची मोजत बसत नाहीत."

ते खाली उतरले. "बाई, स्पीकर कुठे लपवलाय?"

"कसला स्पीकर?"

"जो टक म्हणतो तो."

"तो तसाच ओरडतो, सर. बाबांच्या वेळेपासून."

पर्यटक हसले. ज्यांना पक्षी आणि पाखरू यांतला फरक विचारला असता तर घाम फुटला असता, तेही हसले.

गाइडबाई हसली नाही. "माझा परवाना जायचा तर जाऊ दे. पण ही दरी गेली तर परत येत नाही. शंभर पावलं आत चला. बघा, मग सही करा."

"निष्कर्ष निघाला आहे. आता बघायचं काय राहिलं?"

मोटरसायकलच्या सीटवर अर्ज ठेवून प्राध्यापकांनी लिहिले: 'पक्षी अस्तित्वात नाही. आवाज कृत्रिम आहे.' खाली गाइडबाईचा परवाना रद्द करण्याची शिफारस केली, तारीख घातली आणि ठळक सही ठोकली.

"सुटलो एकदाचे," अधिकारी म्हणाला. "सोमवार कशाला, उद्याच यंत्रं लावतो." वळणापलीकडे मोटरसायकलचा आवाज विरेपर्यंत गाइडबाई रस्त्याकडे पाहत उभी होती.

उरला होता तो मुद्देमाल. तो हस्तगत करून पर्यटकांसमोर मांडायचा, या विचाराने प्राध्यापक स्वतःच झुडपात शिरले. काट्यांनी बाही फाडली. गाइडबाई मागून येत होती.

शंभराव्या पावलावर ते वाकडे झाड होते. टेपरेकॉर्डर टांगायला त्यांनी बांधलेली तार अजून तिथेच होती. सालीने ती अर्धी गिळली होती. प्राध्यापकांनी ढोलीत हात घातला. मुळांखाली काठी फिरवली. डबा नाही, वायर नाही, बॅटरी नाही.

शीळ डोक्यावर वाजली.

"बास झाला हा पोरखेळ," ते ओरडले. "काढ तो स्पीकर खाली!"

"वर बघा, सर."

हाताच्या अंतरावर, गंजकी तार बांधलेल्या फांदीवर, राखी रंगाचा एक पक्षी बसला होता. त्याने मान ताणली, चार स्वर एकावर एक चढवले, क्षणभर थांबला, आणि चोच मिटण्याआधी अगदी नेमकेपणाने म्हणाला: टक.