न तुटणारे पॅनकेक

"बदामाचं पीठ, अंडी, पिकलेलं केळं आणि चिमूटभर सोडा. बस्स, एवढंच," सून म्हणाली. "पण आई, पॅन आणि चमचा आमचाच घ्या हं. गव्हाचा कणही चालत नाही."

"कणही नाही," बाई म्हणाल्या. "हात साबणाने धुऊ की स्पिरिटने?"

सून हसली आणि बाहेर खोकी बांधायला गेली.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी नवरा त्यांना बाईच म्हणे. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. काचेच्या बरणीतलं अर्धं बदामाचं पीठ काढून ठेवलं, त्या जागी मैदा ओतला आणि चमच्याने नीट कालवलं. रंगात फरक दिसेना. त्यांना बरं वाटलं.

लग्न झाल्यापासून या मुलीने घर वेठीला धरलं होतं. कणकेचा डबा इथे नको, पोळपाट तिथे नको. डॉक्टरांनी म्हणे सगळीच धान्यं बंद केलीत. आणि बाईंचा मुलगा, चांगला शिकलासवरलेला, तेच मुकाट गिळत होता. "तिला एकटं वाटायला नको." नंदीबैल नुसता! वर्षभरात त्याच्या गालांवर रंग आला होता खरा, पण ते नव्या नोकरीमुळे.

आता तर स्वयंपाकघरच वेगळं हवं म्हणून दोघं भाड्याच्या घरात निघाली होती. दुपारी घरमालक किल्ली घेऊन येणार होता. एकुलता एक मुलगा घराबाहेर चालला होता, तोही असल्या नाटकापायी.

नाटकच होतं ते. गेल्या महिन्यात बसच्या खिडकीतून बाईंनी स्वतः पाहिलं होतं. सून बेकरीच्या बाकड्यावर एकटी बसून बन खात होती. शेवटी बोटंसुद्धा चाटली तिने. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो, हे त्यांनी पोरांच्या पिढ्यांना शिकवलं होतं.

पोटदुखीची नाटकं त्यांना नवी नव्हती. वर्गात निम्मी पोरं परीक्षेच्या दिवशी पोट धरून यायची. घरचं पोरही त्यातलंच. "शाळा चुकवायचे धंदे," म्हणून बाई हसायच्या आणि डबा संपवायला लावायच्या. हळूहळू त्याची तक्रार बंद झाली होती.

पहिला पॅनकेक त्यांनी उलटला. बदामाच्या पिठाचा उलटताना हमखास मोडतो. हा अखंड राहिला.

"अय्या, तुमचे तुटत कसे नाहीत?" सून दारातून म्हणाली. "माझा तर दर वेळी चुरा होतो."

"हाताला वळण लागतं," बाई म्हणाल्या. "अंडंही एक जास्त घातलंय."

टेबलावर थाळा आला तेव्हा मुलगा बघतच राहिला.

"आई, तू केलेस? आमच्यासाठी?"

"जाताना तरी म्हणू नका, आईने विचारलं नाही."

त्याने पहिला घेतला, मग दुसरा, मग थाळाच जवळ ओढला. "वाढ गं अजून. अगं, हिच्यापेक्षा भारी झालेत!"

"बघा बघा," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "बायकोच्या पथ्यावर कसा तुटून पडलाय."

"खाऊ दे गं त्याला," नवरा टोस्टला लोणी लावत म्हणाला.

सुनेनेही पोटभर खाल्ले. ताटलीतला मधही निपटून घेतला.

चुकून गहू पोटात गेला तर दोन तासांत कळतं, असं तिनेच कधीतरी सांगितलं होतं. उलट्या, मुरडा, अंग गार. बाई वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसल्या आणि त्याच्या कडेवरून तिच्याकडे बघत राहिल्या.

सून खोकी उचलत होती, चिकटपट्टी दाताने तोडत होती, काहीतरी गुणगुणत होती. घाम नाही, कळ नाही. एकदा तर स्टुलावर चढून तिने माळ्यावरची बॅगही काढली.

"मी जरा पडतो," मुलगा म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.

"दमला असेल," नवरा म्हणाला.

बाईंनी मान वळवली नाही. प्रयोग चालू असताना परीक्षानळीवरून नजर काढायची नाही, असा त्यांचा वर्गातला दंडक होता.

घंटा वाजली. घरमालक आला असणार. सून दाराकडे निघाली.

"थांब," बाई उठल्या. "त्याला म्हणावं, किल्ली परत घेऊन जा."

"का हो आई?"

"सकाळी त्या बरणीत अर्धा मैदा होता. मी घातला होता." बाईंनी वर्तमानपत्राची शांतपणे घडी घातली. "तू पोटभर खाल्लंस आणि आत्ता स्टुलावर चढलीस. बेकरीतला बनही पाहिलाय मी. आता सांग, कुठल्या डॉक्टरकडून शिकलीस हे सोंग?"

सुनेच्या तोंडावरचा रंग उडाला. बाईंना हाच क्षण हवा होता. आता रडेल, पाय धरेल.

पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"त्याने किती खाल्ले?" तिने विचारलं.

"कोणी?"

ती तोवर आतल्या खोलीच्या दाराशी पोहोचली होती. कडी आतून होती. तिने हाक मारली, दार धडाधडा वाजवलं. आतून उत्तर आलं नाही.

"बाबा, गाडी काढा!" ती ओरडली आणि खांद्याने दाराला धक्के देऊ लागली. बाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मला गव्हाने काही होत नाही, आई," ती मागे न बघता म्हणाली. "तो लहानपणी सांगायचा, तेव्हा तुम्ही हसायचात. म्हणून या वेळी त्याचं दुखणं आम्ही माझं म्हणून सांगितलं."